दोन्ही बाजूंचा माणूस

"मोठेपणी कोण होणार?" हा प्रश्न तुम्हांला कितीदा तरी विचारला गेला असेल. घरी आलेले पाहुणे विचारतात, शिक्षक विचारतात, शेजारीपाजारी विचारतात. उत्तरेही ठरलेली असतात. कोणी डॉक्टर होणार असतो, कोणी इंजिनिअर, कोणी शिक्षिका, कोणी वकील. कोणाला वडिलांचे दुकान पुढे चालवायचे असते. पण "मी गव्यांसाठी काम करणार आहे," असे उत्तर एखाद्या मुलीने दिले, तर घरातली सगळी माणसे हसतील. आणि मग विचारतील, "त्याचा पगार कोण देणार? गवा?"

हसण्यासारखे त्यात काही नाही. असे काम आहे, त्याला पगारही आहे आणि त्याची फार गरज आहे. एखाद्या वन्य प्राण्याची किंवा पक्ष्याची संपूर्ण जात टिकून राहावी, म्हणून काही संस्था आणि सरकारी खाती योजना आखतात. अशा योजनेला प्रकल्प म्हणतात. तो जागेवर राहून चालवणारा माणूस म्हणजे प्रकल्प अधिकारी. हा माणूस नेमके काय करतो आणि त्याने काय करायला हवे, याविषयी मला थोडे सांगायचे आहे. त्यासाठी आपण पन्हाळ्यावर जाऊ.

कोल्हापूरपासून सुमारे वीस किलोमीटरवर पन्हाळा आहे. सहलीला तुम्ही गेला असाल. तीन दरवाजा, अंबरखाना, सज्जा कोठी ही ठिकाणे पाहिली असतील. २०२५ साली युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान दिला, त्यांत पन्हाळा आहे. १६६० साली सिद्दी जौहरच्या वेढ्यातून शिवाजी महाराज याच गडावरून निसटले आणि मसाई पठारावरून विशाळगडाकडे गेले. ती वाट आजही आहे. दर पावसाळ्यात शेकडो तरुण त्या वाटेने चालत जातात.

पण त्या मुलखात आणखीही काही प्रवासी आहेत. त्यांच्या वाटेवर पाट्या नाहीत आणि ते बहुधा रात्री चालतात. पन्हाळ्याच्या उत्तरेला आणि पश्चिमेला चांदोलीचे जंगल आहे, दक्षिणेला राधानगरीचे. चांदोली आणि कोयना मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. राधानगरीचे अभयारण्य त्याहून पुष्कळ जुने. १९५८ साली दाजीपूरला गव्यांसाठी अभयारण्य झाले, तेच पुढे वाढून राधानगरी अभयारण्य झाले. त्याचे क्षेत्र सुमारे ३५१ चौरस किलोमीटर आहे. या दोन मोठ्या जंगलांच्या मधल्या पट्ट्यात विशाळगड, पन्हाळा आणि गगनबावडा येतात. गवा, बिबट्या, अस्वल, सांबर यांना एका जंगलातून दुसऱ्या जंगलात जायचे, तर याच पट्ट्यातून जावे लागते. म्हणून २०२० साली राज्याच्या वन्यजीव मंडळाने पन्हाळगड, विशाळगड, गगनबावडा यांना संवर्धन राखीव क्षेत्र करण्यास मान्यता दिली. पन्हाळगडचे राखीव क्षेत्र सुमारे ७३ चौरस किलोमीटर आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये ताडोबाहून एक वाघीण आणून चांदोलीत सोडण्यात आली. वाघ जर या भागात पुन्हा नांदायचे असतील, तर ही मधली वाट मोकळी राहिली पाहिजे.

नकाशावर ही वाट हिरव्या रंगाने दाखवता येते. जमिनीवर मात्र ती सलग हिरवी नाही. मध्ये गावे आहेत, रस्ते आहेत, उसाचे फड आहेत, भातखाचरे आहेत. काही सड्यांवर बॉक्साइटच्या खाणी झाल्या. कोठे जंगलाच्या जागी ऑस्ट्रेलियन बाभूळ आणि निलगिरी लावली गेली. त्यांच्याखाली गव्याला पोटभर चारा मिळत नाही. उन्हाळ्यात वणवे लागतात आणि गवत जळून जाते, पाणवठे आटतात. त्याच वेळी डोंगराच्या पायथ्याशी ऊस हिरवागार उभा असतो. त्यात खायला आहे, सावली आहे, लपायला जागा आहे आणि पाटाचे पाणीही आहे. तुम्ही गवा असता तर कोठे गेला असता?

गव्याचे वजन हजार किलोच्या आसपास भरू शकते. काळसर तपकिरी अंग, पाठीवर उंचवटा आणि गुडघ्यापासून खाली पांढरे पाय, जणू मोजेच घातले आहेत. तो स्वभावाने भित्रा आहे. पण असे दहा गवे एका रात्री एका फडात शिरले, तर सकाळी त्या शेतकऱ्याच्या हाती काय उरत असेल, याचा विचार करा. ऊस वर्षभराचे पीक आहे. त्यावर सोसायटीचे कर्ज काढलेले असते. त्यातूनच मुलीची फी भरायची असते, घरावर पत्रे घालायचे असतात. त्या शेतकऱ्याला कोणी जाऊन सांगितले, "गवा हा निसर्गाचा ठेवा आहे," तर तो काय म्हणेल? तो म्हणेल, "ठेवा सगळ्यांचा आणि नुकसान एकट्या माझे, हा कुठला न्याय?"

त्याचा प्रश्न खरा आहे. माझ्या मते प्रकल्प अधिकाऱ्याचे काम याच प्रश्नापासून सुरू होते.

आता त्याचा दिवस कसा जातो ते पाहू. पुष्कळांना वाटते की असा माणूस गळ्यात दुर्बीण घालून रानात भटकतो आणि छान छान फोटो काढतो. थोडा वेळ तो रानात असतो, हे खरे आहे. पहाटे उठून ठरलेल्या रेषेने तो चालत जातो. वाटेत दिसलेले प्राणी, खुरांचे ठसे, शेण, ओरबाडलेली साल यांची नोंद करतो. झाडांना बांधलेले कॅमेरे तपासतो. प्राणी समोरून गेला की हे कॅमेरे आपोआप छायाचित्र घेतात. महिनोन् महिने अशा नोंदी केल्यावर कळते की गवे कोणत्या महिन्यात कोठे असतात, कोणत्या ओढ्यावर पाणी पितात आणि कोणत्या बाजूने शेतात उतरतात. अंदाजाने बोलणे आणि मोजून बोलणे यांत मोठा फरक आहे. गावात कोणी म्हणते, "गवे दसपट वाढले." शहरात कोणी म्हणते, "गवे संपत आले." दोघांनीही मोजलेले नसते. ज्याने मोजले, त्याच्याच बोलण्याला वजन येते.

मात्र दुपारी हा माणूस गावात असतो. तो चावडीवर बसतो, सरपंचांना भेटतो, ज्याचे पीक गेले त्याच्या बांधावर जातो. नुकसान झाले की शेतकऱ्याने वनखात्याला कळवायचे असते. मग वनखात्याची आणि महसूल व कृषी खात्यांची माणसे पंचनामा करतात आणि सरकारकडून भरपाई मिळते. कागदावर हे सोपे दिसते. प्रत्यक्षात अर्ज लिहिता येत नाही, मुदत कळत नाही, दप्तरात खेपा घालाव्या लागतात. सातबारा ज्याच्या नावावर असतो, त्याला अर्ज करणे सोपे जाते. जो दुसऱ्याची जमीन वाट्याने कसतो, त्याचे काय? असा अर्ज भरून देणे, तो कोठे अडला आहे ते शोधणे, हे काम दिसायला किरकोळ आहे. त्यात गव्याचे दर्शन होत नाही आणि फोटोही निघत नाही. तरी मी म्हणेन की गवा वाचवण्याच्या कामात हा अर्ज कॅमेऱ्याइतकाच महत्त्वाचा आहे. ज्या शेतकऱ्याला वेळेवर भरपाई मिळते, तो गव्यावर राग धरत नाही. ज्याला मिळत नाही, तो कुंपणात वीज सोडतो. त्या विजेने गवा मरतो आणि कधी कधी माणूसही मरतो.

माणसे बाजूला ठेवून प्राणी वाचवायला गेले की काय होते, याचे एक उदाहरण आपल्याच राज्यात आहे. सोलापूरजवळ नान्नजच्या माळावर माळढोक नावाचा मोठा पक्षी राहत असे. त्याच्यासाठी १९७९ साली अभयारण्य झाले. हेतू चांगला होता. पण सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांतील मिळून जवळजवळ ८,५०० चौरस किलोमीटर जमीन त्यात घेतली गेली. त्यात गावे होती, शेते होती, बाजारपेठाही होत्या. जमिनीची खरेदी-विक्री अडली, विहीर, रस्ता, कारखाना यांसाठी परवानग्या लागू लागल्या. पक्षी थोड्या माळांवर होता आणि बंधने लाखो लोकांवर होती. लोकांना वाटू लागले, हा पक्षी आपल्या मुळावर उठला आहे. पुढे अनेक वर्षांनी ते क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले गेले. पण तोवर उशीर झाला होता. नान्नजला माळढोक दिसणे हीच आता दुर्मिळ गोष्ट झाली आहे. साऱ्या देशात दीडशेच्या आसपास माळढोक उरले असतील, आणि त्यांतले बहुतेक राजस्थानात आहेत. माळरान नांगरले गेले, विजेच्या तारा आल्या, ही कारणे आहेतच. पण लोकांचे मन दुरावले, हेही एक कारण आहे.

आता दुसरे उदाहरण घ्या. रत्नागिरी जिल्ह्यात वेळास नावाचे गाव समुद्रकाठी आहे. तेथील वाळूत ऑलिव्ह रिडले जातीची समुद्रकासवे रात्री येऊन अंडी घालतात. एका घरट्यात सुमारे शंभर अंडी असतात. पूर्वी ही अंडी माणसे काढून नेत आणि उरलेली कुत्री-कोल्हे खात. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने तेथे काम सुरू केले. भाऊ काटदरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावकऱ्यांवर खटले भरले नाहीत. त्यांनी गावातल्याच तरुणांना कामाला घेतले. पहाटे किनारा फिरायचा, घरटे शोधायचे, अंडी कुंपणाच्या आत सुरक्षित पुरायची आणि पन्नासेक दिवसांनी पिल्ले बाहेर आली की ती समुद्रात सोडायची. पुढे हा सोहळा पाहायला दूरदूरचे लोक येऊ लागले. ते गावातल्या घरांत उतरतात, तेथेच जेवतात. कासवामुळे गावाला चार पैसे मिळू लागले. आता तेथील अंडी कोण चोरील? साऱ्या गावाचेच त्यांच्यावर लक्ष असते.

या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की माझे मत तुमच्या ध्यानात येईल. नान्नजला कायदा मोठा होता आणि माणसे दूर होती. वेळासला माणसे जवळ आली आणि कायद्याचा बडगा उगारावा लागला नाही. म्हणून मी म्हणतो, प्रकल्प अधिकारी किती हुशार आहे हे त्याच्या अहवालावरून ठरवू नका. तो ज्या गावात काम करतो, तेथे रात्री गवा आला तर लोक पहिला फोन त्याला करतात की नाही, यावरून ठरवा.

याचा अर्थ असा नाही की नुसते गोड बोलून भागेल. शास्त्राचे ज्ञान हवेच. गिधाडांची गोष्ट याचा पुरावा आहे. १९९० नंतरच्या दहा-पंधरा वर्षांत भारतातली गिधाडे झपाट्याने नाहीशी झाली. काही जातींत शंभरातले पाचही पक्षी उरले नाहीत. कोणी म्हणे रोग आला, कोणी म्हणे विषारी कीटकनाशके. शेवटी २००४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून खरे कारण पुढे आले. गुरांना दुखण्यावर डायक्लोफिनॅक नावाचे औषध दिले जात असे. ते औषध दिलेले जनावर मेले आणि गिधाडाने ते खाल्ले, की गिधाडाची मूत्रपिंडे निकामी होत. हे संशोधन पाकिस्तानातील पंजाबमध्ये झाले होते, पण त्याचा उपयोग भारतालाही झाला, नेपाळलाही झाला. २००६ साली भारत सरकारने जनावरांसाठी या औषधावर बंदी घातली. मेलॉक्सिकॅम हे दुसरे औषध उपलब्ध होते. त्याने गुरांचे दुखणेही थांबते आणि गिधाडेही मरत नाहीत. कारण ठाऊक नसताना लाखो रुपये खर्च केले असते, तरी गिधाडे वाचली नसती. म्हणून शास्त्र हवे, आणि ते गावापर्यंत पोहोचवणारा माणूसही हवा.

आणखी एक काम या माणसाला करावे लागते, ते म्हणजे गर्दीला आवरण्याचे. ९ डिसेंबर २०२० रोजी पुण्याच्या कोथरूड भागात एक गवा वाट चुकून आला. लोक जमले, मोबाइल काढून धावू लागले, आरडाओरडा झाला. गवा घाबरून तासन् तास पळत राहिला आणि पकडल्यानंतर मेला. पुढच्याच वर्षी, डिसेंबर २०२१ मध्ये, कोल्हापूर शहराच्या वेशीवर गवा आला. तेव्हा भुयेवाडीजवळ त्याच्या हल्ल्यात एका तरुणाचा जीव गेला. दोन्ही वेळा प्राणी रागाने चालून आला नव्हता, तो वाट शोधत होता. अशा वेळी अंतर ठेवावे, आवाज करू नये, त्याला परतीची वाट मोकळी ठेवावी, हे लोकांना आधीच शिकवलेले असेल तर जनावरही वाचते आणि माणूसही. ही शिकवण संकटाच्या दिवशी देता येत नाही. ती वर्षभर शाळाशाळांतून आणि गावागावांतून द्यावी लागते.

येथे कोणी विचारील, "आपल्या देशात इतकी माणसे गरीब असताना प्राण्यांवर पैसा का घालवायचा?" हा प्रश्न टाळू नये. त्याला माझी दोन उत्तरे आहेत.

पहिले असे, की जंगल फक्त गव्याचे घर नाही. पन्हाळ्याजवळून वाहणारी कासारी आणि तिच्यासारख्या नद्या सह्याद्रीतल्या जंगलातून येतात आणि पुढे पंचगंगेला मिळतात. डोंगर उघडा पडला तर पावसाळ्यात माती वाहून येते आणि उन्हाळ्यात ओढे आटतात. त्याचा पहिला तडाखा गरिबालाच बसतो, कारण त्याच्याकडे टँकर मागवायला पैसे नसतात.

दुसरे उत्तर कोल्हापूरच्याच इतिहासात आहे. एके काळी कोल्हापूर संस्थानात शिकवलेले चित्ते बाळगत आणि त्यांच्याकडून काळविटांची शिकार करवीत. पुढे भारतातले चित्ते इतके कमी झाले की संस्थानिकांना ते आफ्रिकेतून आणावे लागले. १९४७ साली मध्य भारतातल्या एका संस्थानिकाने एका रात्री तीन चित्ते मारले. ते आपल्या देशातले शेवटचे चित्ते मानले जातात. १९५२ साली चित्ता भारतातून नाहीसा झाल्याचे सरकारने जाहीर केले. त्यानंतर सत्तर वर्षांनी, २०२२ साली, विमानाने नामिबियाहून आठ चित्ते कुनोच्या जंगलात आणले गेले. त्यासाठी केवढा खर्च आणि केवढी खटपट! जे आहे ते राखणे नेहमी स्वस्त पडते. गेलेले परत आणणे फार महाग असते आणि पुष्कळदा ते शक्यही नसते.

या कामात उणिवाही आहेत आणि त्या सांगितल्या पाहिजेत. बहुतेक प्रकल्प दोन-तीन वर्षांचे असतात. पैसा संपला की नोकरी संपते. शहरातून आलेला हुशार तरुण गावाची ओळख करून घेतो, लोक त्याच्यावर विश्वास टाकू लागतात, आणि तेवढ्यात तो निघून जातो. त्याच्या जागी नवा माणूस येतो, तो पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो. गव्याचे आयुष्य वीस वर्षांचे आणि प्रकल्पाचे आयुष्य तीन वर्षांचे, असा हा हिशेब आहे. माझ्या मते यावर उपाय एकच आहे. अशा जागांवर त्याच तालुक्यातील तरुण-तरुणींना शिकवून घ्यावे आणि त्यांची नोकरी दीर्घ मुदतीची करावी. संवर्धन राखीव क्षेत्राच्या कायद्यात व्यवस्थापन समितीवर प्रत्येक ग्रामपंचायतीचा प्रतिनिधी घेण्याची तरतूद आहे. कायद्याने गावाला खुर्ची दिली आहे. त्या खुर्चीवर समजून उमजून बोलणारा माणूस बसला पाहिजे.

आता तुम्ही म्हणाल, "हे सारे ठीक, पण आमचा त्याच्याशी काय संबंध? आम्ही उर्दू शाळेत शिकतो, पुष्कळजण शहरात राहतो." संबंध आहे आणि तो जुना आहे.

सलीम अली हे नाव तुम्ही ऐकले असेल. त्यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. लहानपणीच आई-वडील गेले. मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांनी त्यांना वाढवले. एकदा त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ही कोणती चिमणी, हे विचारायला ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले आणि तेथून पक्ष्यांचे वेड लागले ते आयुष्यभर टिकले. विद्यापीठाची मोठी पदवी त्यांच्याजवळ नव्हती. एकदा तर संग्रहालयातली नोकरीही गेली. तेव्हा ते अलिबागजवळ किहीम येथे जाऊन राहिले. १९३० साली तेथे त्यांनी सुगरण पक्ष्याच्या घरट्यांचे रोज तासन् तास निरीक्षण केले. नर अर्धे घरटे विणतो, मादी येऊन ते पाहते, पसंत पडले तरच त्यात राहते, आणि मग नर दुसरे घरटे विणायला घेतो, हे त्यांनी जगाला दाखवून दिले. नोकरी नसतानाच्या दिवसांत त्यांनी हे काम केले. पुढे सरकारने त्यांना पद्मविभूषण देऊन गौरवले.

दुसरे नाव असद रहमानी यांचे. अलीगढ विद्यापीठात शिकून ते १९८० साली याच सोसायटीच्या माळढोक प्रकल्पावर आले. उन्हात माळरानावर बसून माळढोक पाहणे, मोजणे, त्याच्याबद्दल लिहिणे, हे त्यांचे काम होते. म्हणजे या पाठात सांगितलेलेच काम. १९९७ साली ते त्या संस्थेचे संचालक झाले आणि २०१५ पर्यंत त्या पदावर होते. जो मोजायला माळावर गेला, तोच पुढे संस्थेचा प्रमुख झाला.

आणि भाषेचे म्हणाल, तर तुमचे पारडे जडच आहे. पन्हाळ्याच्या शेतकऱ्याशी बोलायला मराठी यायला हवी, आणि ती तुम्ही शिकतच आहात. शिकार, जनावर, जमीन, नुकसान, दप्तर, अर्ज, हे शब्द पाहा. हे मराठीत आहेत आणि तुमच्या घरातही आहेत. 'पंचनामा' हा शब्द तर अर्धा इकडचा आणि अर्धा तिकडचा आहे. ज्याला दोन-तीन भाषा येतात, त्याला दोन-तीन प्रकारच्या माणसांचे मन कळू शकते. या कामाला तेच लागते. इंग्रजीतला अहवाल वाचायचा, मराठीत चावडीवर समजावून सांगायचा, आणि चावडीवरचे दुःख पुन्हा अहवालात नेमके लिहायचे. असा दुभाषा प्रत्येक प्रकल्पाला हवा असतो, आणि तो सहजासहजी मिळत नाही.

ज्यांना या वाटेने जायचे आहे, त्यांनी आजपासूनच तयारी करावी. जीवशास्त्र आणि भूगोल मन लावून शिका. गणिताची भीती घालवा, कारण मोजणीचे सारे काम गणितावर चालते. एक वही ठेवा. आपल्या गल्लीत, शाळेच्या आवारात, बागेत जे पक्षी दिसतात त्यांची तारीख, वेळ आणि जागा लिहा. महागडी दुर्बीण नसली तरी चालेल, सवय मात्र हवी. आणि त्याहून मोठी तयारी म्हणजे दुसऱ्याचे म्हणणे पुरते ऐकून घ्यायची. वर्गातल्या भांडणात दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय मत द्यायचे नाही, एवढे जमले तरी पुष्कळ झाले.

काम कष्टाचे आहे. पगार फार मोठा नसतो, ऊन-पाऊस अंगावर घ्यावा लागतो, आणि दोन्हीकडून बोलणी खावी लागतात. गावकरी म्हणतात, "हा प्राण्यांचा माणूस." प्राणिप्रेमी म्हणतात, "हा गावकऱ्यांना फितूर झाला." पण गवा पंचनाम्याला येऊ शकत नाही आणि शेतकरी मुंबईच्या सभेत जाऊन बोलू शकत नाही. दोघांच्याही वतीने खरे बोलणारा कोणीतरी मध्ये उभा राहिला पाहिजे. उद्या पन्हाळ्याच्या पायथ्याशी एखाद्या शेतकऱ्याच्या बांधावर तुमच्यापैकी कोणी वही घेऊन उभा असेल, त्याचे नुकसान नीट मोजत असेल, आणि त्याच संध्याकाळी वरच्या रानात गव्यांचे ठसेही तितक्याच काळजीने मोजत असेल, तर घरच्यांना जरूर सांगा की हे काम हसण्यावारी नेण्यासारखे नाही.